मामाची मांडी

५ जाने., सोमवार

बंड्या दाराच्या चौकटीला धरून उभा होता आणि मला क्षणभर कळलंच नाही हे कोणाचं पोर. तुळतुळीत टक्कल. टाळूवर कुंकवाचं स्वस्तिक, पुसट झालेलं. मला बघून हसला तेव्हा पुढच्या दातांवरून ओळखलं.

मी आत्ता सुरगाण्याहून आले. मैत्रीण वंदीचं डोहाळजेवण. शनिवारीच परत यायचं होतं, पण जीप भरेना, आणि भरल्याशिवाय ती निघत नाही. वंदीची आई म्हणाली राहा. राहिले. रविवारी पुन्हा तेच. मग नदीवर गेलो, मग कोणीतरी म्हणालं पलीकडे धबधबा आहे. जानेवारीत कसला धबधबा, नुसता ओला दगड. पण चालायला मजा आली. असो.

सासूबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. मान वर न करता, "मनीषाचा नवस व्हता, काल गडावर गेलतो, किरण सोडून सगळे. न्हावी समोरच बसलेला. म्हटलं एका फेरीत उरकून घेऊ. केस डोळ्यात जायचे त्याच्या."

मी विचारलं, मांडीवर कोणी घेतलं?

"जावई होते ना."

म्हणजे मनीषाताईचा नवरा. बंड्याच्या आत्याचा नवरा बंड्याचा मामा झाला! आणि माझा सख्खा भाऊ नांदगावात धडधाकट आहे. माघात त्याच्या मांडीवर, त्याच्या घरी जावळ काढायचं, हे ह्याच ओट्यावर चहा पिता पिता ठरलेलं. कप सासूबाईंच्याच हातात होता.

"पौषात कोणी जावळ काढतं का, आई?"

"देवीच्या दारात मुहूर्त लागत नाय. आन् तू व्हतीस कुठं?"

मी बंड्याला उचललं आणि आत आले.

मोबाईलमधे लिहितेय. वही ह्या घरात सगळे वाचतात.

६ जाने.

गौरीचा डबा (पोळीचा रोल, भाजी बाहेरून दिसता कामा नये), व्हॅन, बंड्याची आंघोळ, शेवंतीचे क्रेट भरले, किरण पिकअप घेऊन फुलबाजारात गेला. मग गच्चीवर जाऊन दादाला फोन.

"दादा, जावळ काढलं रे त्यांनी."

तिकडे मागे ट्रॅक्टर चालू होता.

"बरं झालं. उरकलं एकदाचं. रडला का?"

"मी नव्हते."

"हं. डोक्याला ऊन लागू देऊ नको. टोपी घाल." ठेवला.

नंतर वहिनीचा आला, दबक्या आवाजात. भावकीला सांगून झालेलं. बंड्याचे कपडे आणलेले, चांदीची वाटी केलेली. "तुमचा फोन झाला आन् सगळं पिशवीत बांधून माळ्यावर टाकलं त्यांनी. ताट तसंच ठेवून उठले."

पप्पा गेल्यावर माझं लग्न दादाने केलं. दोन्ही बाळंतपणं त्याच्या घरी. कधी एका शब्दाने काही मागितलं नाही. बारशाला फक्त एवढंच म्हणाला होता, "जावळ माझ्याकडे हं, पूजे."

ठरवलंय. काय ठरवलंय ते अजून माहीत नाही. पण ठरवलंय.

९ जाने., शुक्र.

सा.बां.च्या मोबाईलमधला गडावरचा व्हिडिओ उडवला. त्यात दाजी बंड्याला मांडीवर घेऊन हसतायत, आत्याबाई पदर पसरून केस झेलतायत, मागून सा.बा. "हळू रे, हळू" म्हणतायत. उडवण्याआधी तीनचारदा बघितला. बंड्या मान फिरवून फिरवून कोणालातरी शोधतोय. मलाच शोधत असेल. किंवा माकडाला, तिथे माकडं फार.

वायफायचा पासवर्ड बदलला. सा.बां.ची मालिका बंद. "लाइटचा प्रॉब्लेम असेल आई," म्हटलं. पंखा गरगर फिरत होता डोक्यावर.

पण ह्याने काही होत नाही. ही चिल्लर आहे. दादाला जे झालं ते चिल्लर नव्हतं.

गौरीला चार्ट पेपर हवा होता, "आपले मदतनीस" चिकटवायला. तो आणायला गाडी काढली आणि सोमेश्वरला नदीवर पोचले. पेरूवाली म्हणाली मीठ जास्त लावू का. लाव म्हटलं. पाण्याकडे बघत बसले. चार्ट पेपर विसरला. गौरीने घर डोक्यावर घेतलं. सा.बा. म्हणाल्या, "भटकभवानी. पोरांची आई झाली तरी पायाला भिंगरी." शेवटी कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर मदतनीस चिकटवले. पोलिसाच्या पाठीमागून एकादशी दिसते.

१४ जाने., संक्रांत

घरात हळदीकुंकू. मळ्यातल्या, गल्लीतल्या, सगळ्या आल्या. प्रत्येकीचं एकच, "अगं बाई, जावळ काढलं वाटतं! मामाने काय दिलं?"

सा.बा. पटकन, "गडावर काढलं, देवीच्या दारात."

मी वाण देत होते, प्लास्टिकच्या गाळण्या. पहिल्या दोघींना हसून दाखवलं. तिसरीला म्हटलं, "मामाला बोलावलंच नाही, काकू. आमच्याकडे जावई पुरतात सगळ्याला."

सा.बां.च्या हातातून तिळगुळाचा डबा पडायचा राहिला. बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत बरं वाटत होतं.

मग म.ताईचा फोन, देवळ्याहून. गोड आवाज. "वहिनी, ८ फेब्रुवारीला शौर्याचं जावळ धरलंय गं, रविवार. आमच्या सासूबाईंनी अख्खं गाव बोलावलंय. किरणला सांग, मामा आहे तो, आदल्या दिवशीच या म्हणावं."

फोन ठेवला आणि मी तिथेच गाळण्यांच्या ढिगात बसले.

शौर्या म.ताईचा मुलगा. त्याचा मामा कोण? किरण. माझा नवरा. अख्ख्या देवळ्यासमोर मामाची मांडी रिकामी राहिली तर?

बंड्याला कडेवर घेऊन नाचले. त्याला वाटलं त्याच्यासाठीच.

२० जाने.

किरण गाडी चालवत असला की त्याचा फोन मी घेते, मेसेजची उत्तरं मीच टाइप करते. त्याला "ओके" लिहायला एक सिग्नल लागतो.

आज सुरतच्या व्यापाऱ्याचा मेसेज. लग्नाची मोठी ऑर्डर, शनिवार ७ ला संध्याकाळी फुलं भरून निघायचं, रविवारी पहाटे खाली करायची. मी लिहिलं, हो शेठ, नक्की. मग किरणला सांगितलं.

"अगं, ८ ला शौर्याचं जावळ."

"पहाटे खाली केलं की निघ. देवळ्याला थोडंच वळून जायचंय. तोंड धुऊन थेट मांडी घालून बस."

थोडा विचार केला त्याने. "हा, जमेल. मोठं गिऱ्हाईक आहे, सोडायला नको."

जमणार नाही, किरणराव. ते मी बघते.

रात्री झोपताना शौर्या आठवला. किरणचा लाडका आहे. फोनवर "मामू मामू" ओरडतो. त्याची काय चूक? कूस बदलली. बंड्याची तरी काय चूक होती.

२९ जाने., गुरु.

भराभर लिहितेय. चूक झाली टायपिंगमधे तर होऊ दे.

गौरीचा अभ्यास घेत होते, "माझे कुटुंब", पाच ओळी. लिहिता लिहिता म्हणते, "मम्मी, पप्पा खोटं बोलले तर चालतं का?"

"का गं?"

"गडावर आजीने पप्पांना फोन लावला ना, जावळ काढू का विचारायला. स्पीकरवर. पप्पा बोलले, काढून टाका, पूजाला मी सांगतो. आणि तू आलीस तर पप्पा बोलले, अरे, हे कधी झालं?"

बरोबर. त्या संध्याकाळी तो असंच म्हणाला होता. बंड्याच्या टकलावर हात फिरवून, "अरे, हे कधी झालं?" आणि मला त्याची दया आली होती! वाटलं, ह्यालाही विचारलं नाही बिचाऱ्याला. त्या दिवशी मी त्याला जास्तीची भाकरी वाढली.

तीन आठवडे माझ्याशेजारी झोपतोय.

भांडले नाही. भांडले तर माफी मागेल, मग मी रडेन, मग संपलं. मला संपवायचं नाही. ताट वाढलं, पाणी दिलं. "काय झालं गं? बोलत नाहीस." "दात दुखतोय."

कूस बदलायचं काम आता नाही. बसू दे दोघा बहीणभावांना फटका एकाच वेळी.

गौरीची पाचवी ओळ. "माझे बाबा खरे बोलतात." खोडायला लावणार होते. राहू दिली, मार्क जातील.

१ फेब्रु., रवि.

सकाळी दूध आणायला निघाले, पोरं बरोबर. दूधवाल्याच्या पुढे स्टँड. नांदगावची एस.टी. लागलेली. बसले. कंडक्टर म्हणे, "ताई, दुधाची किटली कुठं घेऊन चाललात?" मांडीवर ठेवली. लासलगावपासून गौरीला उलट्या. किटली कामाला आली.

दादा शेतात. वहिनीने चहा केला, म्हणाली, "तुम्ही आलात ते बरं केलं. पण ते काय तुमच्याकडं येणार नाहीत आता. मी म्हटलं, बंड्याच्या वाढदिवसाला जाऊन येऊ. तर म्हणतात, त्या घरात माझं काम काय?"

तेवढ्यात आलाच. पाय धुतले, बंड्याला उचललं. डोक्यावर आता काळे खुंट आलेत, त्यावरून तळवा फिरवला. खूप वेळ फिरवला. बंड्या "मामा" म्हणतो. तो भाकरीलाही मामाच म्हणतो, पण दादाला ते माहीत नाही.

"दादा, तू भांड ना त्यांच्याशी. फोन कर, शिव्या घाल."

"काय भांडायचं. येतील केस परत."

"केसांचं नाही रे!"

"कळतं मला." मग बंड्याला खाली ठेवत, "मनीषाच्या पोराचं जावळ हे ना रविवारी? किरणला म्हणावं वेळेवर पोच. पोराला मामा लागतो."

असा राग आला! ह्या चांगुलपणाचा मला संताप येतो. हा असा गप्प बसतो म्हणून सगळे ह्याच्यावरून चालत जातात. त्याच्या वाटचं मी करणार. त्याला आवडो न आवडो.

येताना वहिनीने दूध दिलं घरचं. किटली चार पाण्याने धुतली. सा.बा. म्हणाल्या, "दूध आणायला नांदगावला गेली!" म्हटलं, "तिकडचं दूध चांगलं असतं, आई. तिकडे कोणी काही परस्पर उरकत नाही."

७ फेब्रु., शनि.

दुपारभर फुलं भरली. बंड्याला ताप, डाव्या कडेवर बंड्या, उजव्या हाताने दोऱ्या ओढल्या. गौरीला गॅदरिंगसाठी फुलपाखराचे पंख हवेत, उद्या नाही, आत्ता.

किरण निघायच्या आधी आंघोळीला गेला. फोन चार्जिंगला. शेठला त्याच्या नावाने मेसेज: परतीला माल असेल तर भरून द्या, थांबतो. शेठचा अंगठा आला लगेच. कपड्याचे गठ्ठे आहेत, दुकान उघडल्यावर भरू. मेसेज किरणच्या बाजूने पुसला. मालाला हो म्हटल्यावर व्यापारी रिकामी गाडी सोडत नाही, आणि किरणला गिऱ्हाईकाला नाही म्हणता येत नाही. लग्नाला सात वर्षं झाली, एवढं मला कळतं.

जाताना म्हणाला, "पूजा, तू बोलत नाहीस तर घरात कसंतरी वाटतं. सांग ना काय झालं."

एक क्षण सांगावंसं वाटलं. खरंच. समोर उभा होता, ओले केस, शौर्यासाठी घेतलेल्या कपड्यांची पिशवी हातात. ती त्याने पुढच्या सीटवर ठेवली. इस्त्री मोडू नये म्हणून वर काही ठेवलं नाही.

"उद्या देवळ्यात बोलू," म्हटलं.

८ फेब्रु., रवि. देवळा

वरच्या खोलीत आहे. बंड्याचं दुपटं आणते म्हणून आले वर.

सकाळीच पोचलो, सा.बा., मी, पोरं. अंगणात मांडव, गल्लीभर कांद्याचा वास, पुरीभाजीची मोठी पातेली. न्हावी येऊन बसलेला. शौर्या जावळाच्या छोट्या छोट्या वेण्या घालून धावतोय, त्याला कोणी सांगितलंय आज मामू येणार. प्रत्येक गाडीला बाहेर पळतो.

म.ताई सारखी फोन लावतेय. किरण उचलून म्हणतो, "निघतोच आहे," मग, "थोडं भरायचं राहिलंय," मग उचलतच नाही.

तिची सासू पाटावर बसलीये, मोठी नथ, मोठा आवाज. "मामा कोठे शे?" पहिल्यांदा हसत विचारलं. दुसऱ्यांदा नाही. मग आलेल्या बायकांकडे बघून, "आमनी सूनला माहेर शे ना? की आम्ही बिनमाहेरची करी लयनूत?" बिनमाहेरची सून करून आणली का, म्हणे. बायका हसल्या. म.ताई पण हसली. तिचे कान लाल झाले होते.

मला वाटलं होतं मजा येईल. आली. खोटं कशाला लिहू. सा.बा. पदराने सारखं तोंड पुसत होत्या. अख्ख्या गावात कुठे बघावं कळत नव्हतं त्यांना. मी बंड्याला पुरी भरवत बसले.

मग किरणचा मेसेज माझ्या फोनवर. "शेठ बोलतो परतीच्या मालाचा मेसेज मीच टाकला. मी नाही टाकला. तू टाकला का?"

त्याखाली, थोड्या वेळाने, "पूजा?"

फोन पालथा ठेवला.

न्हावी उठला, म्हणे पुढे अजून एक घर आहे. दाजी म्हणाले, "शेजारच्या आबांना बसवा मांडीवर, काय फरक पडतो." आणि म.ताई एकदम ओरडली. सगळ्यांसमोर, नवऱ्यावर. "फरक पडतो! गडावर असंच बोललात तुम्ही. बंड्याला घेऊन बसलात, आन् मी पण पदर पसरला गाढवासारखा. वहिनी तेव्हापासून माझ्याशी तोंडदेखलं बोलते. मला कळत नाही होय? दुसऱ्या कोणाच्या मांडीवर नाही बसवायचं माझ्या पोराला."

सा.बा. तिला चूप चूप करायला लागल्या. तिने ऐकलं नाही, सरळ माझ्यापुढे आली. डोळे भरलेले.

"वहिनी, संतोषदादांना फोन लाव. तुझे दादा बसले तर मला चालेल. तेही मामाच ना. दुपारपर्यंत थांबवते मी न्हाव्याला, पाया पडते त्याच्या."

सासू म्हणाली, "कोणता दादा?" म.ताई म्हणाली, "बंड्याचा मामा."

अख्ख्या गावासमोर म्हणाली. बंड्याचा मामा.

आणि मला कळेना हे काय आहे. माफी आहे, की अडलंय म्हणून दादा आठवला? गरज नसताना माळ्यावर टाकलं, गरज पडली की उतरवलं. दोन्ही असेल. तिला तरी ठाऊक असेल का.

फोन केला तर दादा येईल. विचारणार पण नाही का ते. हातातलं काम टाकून मोटारसायकलला किक मारेल, येताना शौर्याला काहीतरी घेऊन येईल, परक्याच्या पोराला मांडीवर नीट धरून बसेल, आणि जेवून जाईल. वर म्हणेल, बरं झालं, उरकलं. आणि हे सगळे सुटतील. किरण सुटेल, सा.बा. सुटतील. मी महिनाभर जे केलं ते पुरीभाजीत जाईल.

नाही केला, तर दुपारी न्हावी तसाच जाईल. देवळ्यात वर्षभर बोलायला पुरेल एवढं होईल. माझी फिटंफाट. आणि दादा नांदगावात ट्रॅक्टर चालवत असेल, त्याला कळणारही नाही कोणीतरी त्याला मामा म्हणून हाक मारली होती.

पोरगं रडतंय खाली. शौर्या. "मामू कुठंय" करतोय.

दादाचा नंबर काढलाय स्क्रीनवर.

जिन्यात पावलं. म.ताई अर्ध्यावर येऊन थांबलीये, वर यायचं धाडस नाही. "वहिनी, लागला का गं?"

"लावतेय," म्हटलं.

अजून लावला नाही.